व्यासंग, नाद आणि खूळ

१

मराठीत छंदाला शब्दांची वानवा नाही. छंद, नाद, वेड, खूळ, हौस, शौक, ध्यास, व्यसन, व्यासंग असे नऊ शब्द तर सहज आठवतात. कोशात ते एकमेकांच्या आसपास बसलेले दिसतात, पण बोलताना आपण ते अदलून-बदलून वापरत नाही. प्राध्यापकाने जुनी नाणी जमवली तर तो व्यासंग. सराफाने जमवली तर शौक. शेतकऱ्याने जमवली तर नाद, आणि कचेरीतल्या कारकुनाने जमवली तर खूळ. घरातल्या बाईने जमवली तर तिच्या वाट्याला बहुधा शब्दच येत नाही. फार तर ‘तिची आपली हौस’ म्हणून विषय संपतो. कृती एकच असते. शब्द मात्र ती कोण करतो आहे हे पाहून ठरतो.

रोजच्या व्यवहारात माणसे जे छंद कोणाला फारसे न सांगता जोपासतात, त्यांच्याकडे मराठी लेखनाने कसे पाहिले, हे या लेखात तपासायचे आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. मराठी लेखनाने छांदिष्ट माणसावर मनापासून प्रेम केले, पण ते दोन अटींवर. एक तर त्याने आपल्याला हसवावे, नाहीतर जाताना समाजाला काहीतरी देऊन जावे. या दोन्ही अटींत न बसणाऱ्यांचा वर्ग फार मोठा आहे. त्यांच्याविषयी बोलायची भाषा आपण घडवलेली नाही. ही केवळ शब्दांची उणीव असती तर एवढा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण ज्या कामाला नाव मिळत नाही, त्याचे कागदही कोणी सांभाळत नाही.

२

हे मी इस्लामपुरात बसून लिहितो आहे, तेव्हा सुरुवात इकडच्या शब्दाने करू. सांगली-कोल्हापूर भागात ‘नाद खुळा’ ही निंदा नसून दाद आहे. उसाच्या ट्रॉलीवर, रिक्षाच्या मागच्या काचेवर, तरुण मंडळांच्या फलकांवर ती लिहिलेली दिसते. ‘नाद करायचा नाय’ ही त्याच घराण्यातली ताकीद. इथे नाद म्हणजे अभिमानाची गोष्ट. कुस्तीचा नाद, शर्यतीच्या बैलांचा नाद, भजनाचा नाद. शर्यतीच्या बैलाला माणसे स्वतःच्या ताटातले काढून घालतात आणि त्याबद्दल गावात कोणी त्यांना मूर्ख म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्या पुन्हा सुरू करायला परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. या नऊ वर्षांत नादाच्या बाजूने आंदोलने झाली, सभा झाल्या, सर्व पक्षांचे पुढारी बोलले. म्हणजे नाद या गोष्टीला आमच्या भागात राजकीय वजनसुद्धा आहे.

पण हा नाद चारचौघांतला आहे. त्याला मैदान लागते, गुलाल लागतो, हरणारा-जिंकणारा लागतो. हाच माणूस रात्री दार लोटून जुनी घड्याळे उघडत बसला, कृष्णेच्या पुराच्या पातळ्या वर्षानुवर्षे वहीत लिहीत राहिला, किंवा कंदिलांच्या काचांचे नमुने गोळा करू लागला, की भाषा बदलते. ‘काय खूळ भरलंय ह्याच्या डोस्क्यात’ असे घरातलेच म्हणतात. त्याच्यावर कोणी रागावत नाही. पण काय करतो हेही कोणी विचारत नाही. थोडक्यात, नाद चारचौघांत असेल तर खुळा, आणि एकट्याचा असेल तर खूळ.

खासगी छंदाचे म्हणूनच मला तीन प्रकार करावेसे वाटतात. पहिला लपवलेला. लोक नावे ठेवतील, घरात भांडण होईल, नोकरीवर गदा येईल, म्हणून झाकलेला. दुसरा राखलेला. भीती नाही, पण ही जागा आपल्या एकट्याची राहावी म्हणून मुद्दाम बाजूला ठेवलेला. तिसरा न विचारलेला. तो झाकलेला नसतो, उघड्यावर असतो, पण इतरांना तो छंद म्हणून दिसतच नाही. आपले लेखन या तिघांना एकाच पोत्यात भरते, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

३

मराठी वाचकाच्या मनात छांदिष्ट माणसाचे जे चित्र आहे ते मुख्यतः पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ने काढलेले आहे. ‘वल्ली’ या शब्दाला आज जी मायेची छटा आहे ती मोठ्या प्रमाणात या पुस्तकाची देणगी. हरितात्या घ्या. शिवकालात स्वतः वावरून आल्यासारखा हा माणूस पोरांना इतिहास सांगतो आणि प्रत्येक गोष्टीला पुरावा असल्याची ग्वाही देतो. सखाराम गटणे घ्या. वाचनाने झपाटलेला, छापील भाषेत बोलणारा हा मुलगा. दोघांवरही लेखकाचे निःसंशय प्रेम आहे, आणि ती व्यक्तिचित्रे वाचून कितीतरी घरांतल्या ‘वेड्यां’ना थोडी सावली मिळाली असेल, हे मान्य करायला हवे.

तरी एक गोष्ट नजरेत भरते. हरितात्या एकटे असताना काय करत असतील, हे आपल्याला कधी कळत नाही. ते नेहमी पोरांच्या घोळक्यात भेटतात. त्यांची बखरी वाचण्याची वेळ, त्यांचा एखादा अडलेला संदर्भ, न सापडलेला पुरावा, यांतले काही चित्रात येत नाही. गटणेचे वाचनही आपल्याला दिसते ते त्याच्या बोलण्यातून. कोणत्या पानावर तो थबकला, कोणते पुस्तक त्याला आवडले नाही, ते नाही. शेवटी गटणे लग्नाला तयार होतो, संसाराला लागतो, आणि वाचकाला हायसे वाटते. हे हायसे वाटणे तपासण्यासारखे आहे. छांदिष्ट मुलगा माणसांत आला, याचा तो आनंद असतो. तो आधी माणसांत नव्हता, हे गृहीत धरलेले असते.

दोष पुलंच्या दृष्टीचा कमी आणि त्या लेखनप्रकाराचा जास्त आहे, असे मला वाटते. मराठी व्यक्तिचित्र हा बैठकीत सांगण्याचा प्रकार आहे. सांगणारा आहे, ऐकणारे आहेत, टाळी कुठे पडणार हे ठरलेले आहे. अशा बैठकीत एकटेपणी चाललेले काम आणता येत नाही. आणता येतात फक्त त्या कामाच्या लकबी. म्हणून वल्लीची लकब अमर झाली आणि वल्लीचे काम अंधारात राहिले. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत दिवाळी अंकांतून आलेली असंख्य ‘वल्ली’चित्रे याच वाटेने गेली. त्यांत माणूस कसा बोलतो, कसा चालतो, काय विसरतो हे सगळे असते. तो नेमके काय शोधतो आहे, तेवढेच नसते.

दुसरी रीत आपल्याकडे नव्हती असे नाही. ती आमच्याच जिल्ह्यातल्या लेखकाने दाखवली. माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर पुण्यात आकाशवाणीवर नोकरी करत होते आणि रानात जाऊन तासन् तास जनावरे पाहत होते, त्यांची रेखाटने करत होते. ‘नागझिरा’ या पुस्तकात एक माणूस जंगलात राहतो आणि पाहतो, एवढेच घडते. लेखकाला आपल्या रानवेडाची गंमत करायची नाही आणि त्याचा गौरवही करायचा नाही. कुठे बसलो, काय दिसले, किती वेळ काहीच दिसले नाही, हे तो सांगतो. पुढे ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळीची गोष्ट आली आणि तिला १९८३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण ‘सत्तांतर’ वाचताना पुरस्काराहून महत्त्वाचे जे जाणवते ते म्हणजे पाहण्यात घालवलेला वेळ. वानराचा हात कसा हलतो, मादी पिलाला कशी धरते, हे एक-दोन फेऱ्यांत कळत नाही.

पुलंनी छंद बाहेरून पाहिला, माडगूळकरांनी आतून लिहिला. मराठीने पहिली रीत उचलली आणि दुसरीला ‘निसर्गलेखन’ असे नाव देऊन वेगळ्या फळीवर ठेवले. नाणी, घड्याळे, आकडे, रेडिओ यांच्याविषयी त्याच रीतीने लिहिता येईल, हे फार थोड्यांच्या लक्षात आले.

४

आता दोन शाळामास्तर पाहू.

पहिले मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४). पेशाने संस्कृतचे शिक्षक. मिरजेला पटवर्धन सरदारांचे जुने कागद होते. शाळा सांभाळून खरेशास्त्री ते वाचत राहिले, लावत राहिले, आणि त्यातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड निघत गेले. मराठेशाहीच्या उत्तरकाळाचा अभ्यास आजही त्यांच्यावाचून होत नाही. दुसरे देवळालीचे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६). जन्म डहाणूचा, शिक्षण फर्ग्युसन महाविद्यालयात, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक. पुढे १९३० ते १९६२ देवळालीत शिक्षकाची नोकरी, आणि शाळा सांभाळून आकड्यांशी खेळणे.

दोघेही शिक्षक, दोघांचेही खरे काम शाळेनंतरचे, दोघांनाही पदव्युत्तर संशोधनाची गादी नाही. पण खरेशास्त्र्यांचे काम व्यासंग ठरले आणि कापरेकरांचे बराच काळ वेड. कारण व्यासंग हा शब्द माणसाप्रमाणेच विषयाकडेही पाहतो. मराठ्यांचा इतिहास हा समाजाच्या अस्मितेचा विषय होता. चार आकड्यांची उलटसुलट वजाबाकी कोणाच्याच अस्मितेची नव्हती.

ती वजाबाकी अशी. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि वजा करा. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तेच. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४च येते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या इथे येऊन थांबते. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडले. त्यांच्या नावाच्या आणखी संख्या आहेत. ४५चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे पुन्हा ४५. अशी संख्या ती कापरेकर संख्या. आपल्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले, म्हणजे आनंद देणारी. दुसऱ्या कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही ती ‘स्वयंभू’. एका प्रकाराला डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून ‘डेम्लो’ नाव दिले, कारण कल्पना तिथे सुचली. गणितात आपल्या बोलीतली, आपल्या रेल्वेमार्गावरची नावे अशी क्वचितच गेली आहेत.

कापरेकर आपला छंद लपवत नव्हते. ते सांगत फिरत, स्वखर्चाने पुस्तिका छापत. तरीही त्यांचा छंद माझ्या वर्गवारीत न विचारलेल्यांत पडतो, कारण ऐकणारे ऐकल्यासारखे करत आणि सोडून देत. आपल्या अंकवेडाची तुलना त्यांनी स्वतः दारूच्या व्यसनाशी केली होती, असे त्यांच्याविषयी लिहिणारे सांगतात. ही तुलना विनोदाने केली असेल. पण इतक्या निरुपद्रवी आनंदासाठी माणसाला व्यसनाचा शब्द उसना घ्यावा लागतो, यात भाषेची काय अवस्था आहे ते दिसते.

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि चित्र पालटले. तेव्हापासून मराठीत कापरेकरांवर जे लिहिले गेले त्यातले बरेचसे एका साच्यातले आहे: उपेक्षित गणिती, ज्यांची किंमत आपल्याला परदेशाने सांगितल्यावर कळली. साचा खोटा नाही, पण तो एक नुकसान करतो. १९३० ते १९७५ ही पंचेचाळीस वर्षे तो प्रतीक्षेची वर्षे ठरवतो. जणू त्या सगळ्या संध्याकाळी गार्डनरची वाट पाहण्यात गेल्या. त्या संध्याकाळी तो माणूस मजेत होता, ही शक्यता लेखकांना सुचत नाही.

इथे प्रतिवाद प्रामाणिकपणे मांडायला हवा. कापरेकरांच्या बऱ्याच शोधांना व्यावसायिक गणिती फार वजन देत नव्हते, याचे कारण केवळ अहंकार नव्हते. ६१७४ची गंमत दशमान पद्धतीवर अवलंबून आहे. आपल्याला दहाऐवजी आठ बोटे असती तर ती संख्या ही नसती. गणित ज्या खोल नियमांच्या शोधात असते त्यांच्या तुलनेत हा पृष्ठभागावरचा खेळ आहे, हा आक्षेप योग्य आहे. पण तो मान्य केल्यावरही जे उरते ते कमी नाही. पाचवीतला मुलगा पाटीवर पडताळून पाहू शकेल असे आणि तरीही नवे काहीतरी सापडणे दुर्मीळ असते. त्याला थोर गणित म्हणण्याची गरज नाही आणि वेड म्हणण्याचीही नाही. अडचण एवढीच की मराठीत या दोहोंच्या मध्ये उभे राहायला जागा नाही.

तुलनेसाठी दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६). तेही गणिती, पण हार्वर्डचे, आणि धर्मानंदांचे चिरंजीव. चलनात फिरताना नाणे झिजते आणि त्याचे वजन अगदी किंचित घटते. एकाच वेळी पाडलेली नाणी जितकी जास्त फिरतील तितकी त्यांची सरासरी खाली येते आणि आपसांतला फरक वाढतो. हे सूत्र धरून कोसंबींनी प्राचीन आहत नाणी हजारोंनी तोलली आणि त्यांचा कालक्रम लावण्याचा प्रयत्न केला. पुण्याजवळच्या टेकड्यांवर हिंडून अश्मयुगीन दगडी हत्यारे वेचली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणितज्ञ म्हणून नेमलेल्या माणसाचा हा उद्योग साऱ्यांनाच रुचत होता असे नाही. १९६२ मध्ये त्यांचा तिथला करार पुढे चालू राहिला नाही. तरीही मराठीत कोसंबींच्या नाण्यांना कोणी खूळ म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. त्यांच्या कामाची गुणवत्ता वादातीत आहे. पण समजा हेच तोलणे सातारच्या एखाद्या कापडदुकानातल्या गुमास्त्याने केले असते, तर पहिल्या शंभर नाण्यांनंतर त्याच्या घरच्यांनी काय म्हटले असते, हा प्रश्न वाचकाने स्वतःला विचारावा.

५

दुसरी अट देण्याची. तिचे सर्वांत ठळक उदाहरण पुण्याचे दिनकर केळकर (१८९६–१९९०). चष्म्याचा धंदा करणारा हा माणूस ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत असे आणि १९२०च्या सुमारापासून दिवे, अडकित्ते, कुलपे, दरवाजे, वाद्ये, भांडी गोळा करत असे. पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या. मुलगा राजा लहानपणीच गेला आणि त्याच्या स्मरणार्थ संग्रहालय उभे राहिले. पुढे ते त्यांनी राज्य शासनाच्या स्वाधीन केले. त्यांच्यावरचा कोणताही गौरवलेख काढून पाहिला तरी हाच क्रम दिसतो: संग्रह, पुत्रशोक, स्मारक, दान.

यातले काहीही खोटे नाही. पण शोक आणि दान यांनी मिळून संग्रहाला जी प्रतिष्ठा दिली, तिच्यामुळे संग्रहाचे मूळ कारण नाहीसे होते. त्या संग्रहातले अडकित्ते पाहा. सुपारी फोडायला एक अडकित्ता पुरतो. माणूस, घोडा, पक्षी यांच्या आकारांचे इतके अडकित्ते जमवणाऱ्याला लोकसंस्कृतीचे जतन वगैरे नंतर सुचले असेल. आधी त्या वस्तूच्या आकाराने त्याला धरले असणार. जुन्या बाजारात अडगळीतून काहीतरी चमकले आणि पाऊल थांबले, या क्षणाला गौरवलेखात स्थान नसते. आपण त्या क्षणाला ‘सेवा’ म्हणेपर्यंत स्वस्थ बसत नाही. छंदाची सेवा झाली की तो पवित्र होतो, पण त्या माणसाचा राहत नाही.

राखलेल्या छंदाचे उदाहरण याच्या उलट टोकाला सापडते. जी. ए. कुलकर्णी धारवाडला महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते, कथा लिहीत होते आणि चित्रेही काढत होते. कथा त्यांनी छापल्या. चित्रांचा मात्र गाजावाजा केला नाही. भिडस्तपणा म्हणून नव्हे. आपले काय बाहेर जावे आणि काय घरात राहावे हे त्या माणसाने ठरवले होते, हे त्यांच्या एकूण राहणीवरूनच दिसते. त्यांच्या पश्चात समीक्षकांनी कथांचे अर्थ लावायला चित्रांकडे धाव घेतली, तर ते समजण्यासारखे आहे. तरीही प्रत्येक खासगी गोष्ट ही सार्वजनिक कामाची किल्ली असते, हे आपण कशावरून धरून चालतो? कदाचित चित्र काढताना त्यांना कथाकार जी. ए. यांच्यापासूनच सुटका हवी असेल.

६

न विचारलेल्या छंदांत सर्वांत मोठा वाटा बायकांचा आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे उदाहरण आपण शाळेपासून ऐकतो. लिहिता-वाचता न येणारी बाई शेतात, जात्यावर गाणी रचत होती. मुलगा सोपानदेव आणि एक नातलग यांनी ती टिपून ठेवली. तिच्या मृत्यूनंतर ती वही आचार्य अत्र्यांपुढे आली आणि १९५२ मध्ये पुस्तक झाले. ही गोष्ट आपण चमत्कार म्हणून सांगतो. चमत्कार म्हटले की एक प्रश्न टळतो. ती गाणी कधीच गुप्त नव्हती. पंचक्रोशीतल्या कितीतरी कानांनी ती वर्षानुवर्षे ऐकली. ती रचना आहे, तिच्यामागे कोणीतरी शब्द निवडत बसले आहे, हे मात्र ऐकणाऱ्यांना जाणवले नाही, कारण हात दळत होते. बाईचा छंद कामाच्या आत लपतो. दळण, गोधडी, रांगोळी, वाळवण यांतून तो वेगळा काढून दाखवता येत नाही, आणि वेगळा न दिसणाऱ्याला आपण छंद म्हणत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून बायकांकडून जात्यावरच्या ओव्या टिपल्या, तेव्हा त्यांची संख्या लाखावर गेली. विचारणारे आले म्हणून त्या मिळाल्या. ज्या गावांत कोणी विचारले नाही तिथल्या ओव्या पिठाच्या गिरणीबरोबर गेल्या.

लपवलेल्या छंदाचे एक उदाहरण मात्र जवळच्या काळातले आहे, आणि त्यावर मराठीत पुरेसे लिहिले गेलेले नाही. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता शॉर्टवेव्हवर खरखरत येणारा तो कार्यक्रम लाखो घरांत ऐकला गेला. ऐकणे उघड होते, पण ऐकणाऱ्यांतले काहीजण वही घेऊन बसत. कोणते गाणे कितव्या पायदानावर, किती आठवडे टिकले, वर्षअखेरीस पहिले कोण. सिनेमाची गाणी ही सभ्य घरात हलकी गोष्ट. तिची आकडेवारी ठेवणे तर निव्वळ रिकामपण. म्हणून ती वही अभ्यासाच्या वहीखाली असे. नंतर पोरे नोकरीला लागली, त्यांची लग्ने झाली, आणि काहींनी वही चालूच ठेवली. आता ती कपाटात कपड्यांखाली गेली. गेल्या काही वर्षांत मी कऱ्हाड ते सांगली या पट्ट्यातल्या रद्दीच्या दुकानांतून अशा वह्या शोधतो आहे. त्यांत चुका आहेत, गाळलेले आठवडे आहेत, पण रकाने आखलेले आहेत, चढलेल्या गाण्यापुढे बाण आहेत, परीक्षेच्या महिन्यात अक्षर घाईचे आहे. अधिकृत दप्तर जिथे मिळत नाही तिथे श्रोत्याची वही हाच पुरावा असतो. किलोच्या भावाने तोलून तो पुरावा माझ्या हाती येतो तेव्हा बहुधा लिहिणारा गेलेला असतो आणि वहीवर नाव नसते.

७

छंद अखेरीस बाहेर कसा येतो, याची दोन उदाहरणे महाराष्ट्राबाहेरची देतो, कारण त्यांत योगायोगाचा वाटा स्पष्ट दिसतो. चंडीगडच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांवर निरीक्षक असलेले नेकचंद १९५७ पासून शहराबाहेरच्या राखीव जंगलात रात्री जाऊन फुटक्या बांगड्या, कपबश्या, बांधकामाचा मलबा यांतून पुतळे उभारत होते. जमीन सरकारी, बांधकाम बेकायदा. दीड तप हे काम जगापासून लपून राहिले. उघड झाले तेव्हा ते पाडून टाकण्याचीच शक्यता जास्त होती. लोकमताने ते वाचले आणि १९७६ मध्ये ‘रॉक गार्डन’ म्हणून खुले झाले. दुसरे शिकागोचे. मुले सांभाळण्याची नोकरी करणाऱ्या व्हिव्हियन मायर यांनी आयुष्यभर रस्त्यावरच्या माणसांची छायाचित्रे टिपली आणि जवळजवळ कोणालाच दाखवली नाहीत. भाडे थकले म्हणून २००७ मध्ये त्यांचे सामान लिलावात निघाले आणि घेणाऱ्यांना हजारो निगेटिव्ह सापडल्या. २००९ मध्ये त्या वारल्या. आपले काम गाजणार आहे हे त्यांना कळले नाही. ते गाजावे अशी त्यांची इच्छा होती का, हेही कोणी विचारू शकले नाही.

नेकचंद यांचा छंद नाइलाजाने लपवलेला होता, मायरबाईंचा कदाचित राखलेला. पहिल्याला उजेड ही सुटका होती. दुसऱ्या बाबतीत तो अतिक्रमणही असू शकतो. तीन प्रकार वेगळे ठेवावेत असा माझा आग्रह आहे तो यासाठी. लपवलेल्याला निर्भयता हवी, राखलेल्याला आदर हवा, न विचारलेल्याला प्रश्न हवा. सगळ्यांना एकच शाल-श्रीफळ देऊन भागत नाही.

यातून काही व्यवहाराच्या गोष्टी निघतात. आपल्याकडे १९६७च्या ग्रंथालय कायद्यानुसार मान्यता मिळालेली वाचनालये गावोगाव आहेत. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग आहेत. प्रत्येक तालुक्याच्या एका वाचनालयाने एक कपाट गावातल्या हस्तलिखित वह्यांसाठी ठेवावे. पूरपातळीची वही, गाण्यांची वही, विहिरींच्या पाण्याची नोंद, पक्ष्यांची यादी, पाककृतींचे जीर्ण पुस्तक, काहीही. अट एकच: लिहिणाऱ्याच्या हयातीत त्याची संमती, आणि ‘माझ्या पश्चात उघडा’ किंवा ‘उघडू नका’ असे लिहिण्याची मोकळीक. ‘उघडू नका’ असे लिहिले असेल तर उघडू नये.

समीक्षकांकडूनही एक अपेक्षा आहे. छांदिष्ट माणसावर लिहिताना ‘अवलिया’, ‘वल्ली’, ‘तपस्वी’, ‘झपाटलेला’ ही विशेषणे काही काळ बाजूला ठेवावीत. त्याऐवजी तो काय करतो, कोणत्या हत्याराने, कोणत्या वेळी, कुठे अडतो, आणि शंभरातली दोन नाणी तो बाजूला का ठेवतो, हे लिहावे. त्यासाठी आपल्याला त्याचा विषय थोडा शिकावा लागेल. वल्ली रंगवायला तो शिकावा लागत नव्हता, म्हणूनच वल्ली लोकप्रिय झाली.

आणि वाचकांना एक विनंती. येत्या चार दिवसांत घर आवरले जाईल, माळे उतरतील. एखादी रकाने आखलेली वही निघेल, तिच्यात काय आहे ते कळणार नाही. ती लिहिणारे माणूस घरात असेल तर रद्दीच्या ढिगावर टाकण्याआधी त्याच्याजवळ जाऊन बसावे. ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न त्याने आयुष्यभर ऐकलेला असतो. ‘हे कसे करता?’ असे विचारून पाहावे.